मस्तक म्हणजे मालक नव्हे

(संडेस्कूलचे शिक्षक, महिला मंडळ व तरुण संघ यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती २:१८-२५, होशेय २:१४-२०, इफिस. ५:२१-३३, १ करिंथ. ७:३-५, १ करिंथ. ११:२-१६ व १४:२६-४०, १ तीमथ्य २:८-१५, रोम. १६:१-१६.



आपल्याकडे लग्नाच्या उपासनेत इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय बहुधा वाचला जातो. वाचन होते, गीत होते, उपदेश होतो. जेवणाच्या पंगतीला बसेपर्यंत मात्र लोकांच्या ध्यानात एकच गोष्ट उरलेली असते: बायकोने नवऱ्याच्या अधीन असावे, कारण नवरा तिचे मस्तक आहे. त्याच अध्यायात नवऱ्याला केलेली आज्ञा अधिक लांब आहे आणि अधिक कठीणही आहे; ती फारशी कोणाला आठवत नाही. वचन सर्वांनी एकच ऐकले, मग असे का व्हावे?

याचे एक कारण असे की, आपण शास्त्रातला शब्द ऐकतो, पण त्याचा अर्थ घरातून आणतो. या पाठात आपण असे तीन-चार शब्द हाती घेऊ आणि त्यांचा अर्थ शास्त्रालाच विचारू.

१. घरातले शब्द

राजेश्वर, बसवकल्याण, भालकी, हुमनाबाद, आळंद या आपल्या भागात एका घरात दोन-तीन भाषा नांदतात. चुलीपाशी मराठी, बाजारात कन्नड, जुन्या कागदपत्रांत उर्दू. १९५६ साली राज्यांची सरहद्द बदलली, पण लोकांची बोली बदलली नाही. आता या बोलीत नवऱ्याला काय म्हणतात ते पाहा. जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. मराठीत ती म्हणते, "मालक घरी नाहीत," किंवा "धनी शेताला गेलेत." कन्नडमध्ये ती त्याला यजमान म्हणते. मराठीत यजमान म्हणजे पाहुण्यांचे आदरातिथ्य करणारा, आणि नवराही. कन्नडमध्ये तो शब्द घराच्या, धंद्याच्या मालकालाही लागतो आणि नवऱ्यालाही.

म्हणून वाचकाने व्यासपीठावरून "मस्तक" असे वाचले की ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप "मालक" उमटते. हे कोणी मुद्दाम करीत नाही. पण अर्थ मात्र बदलून जातो.

हा धोका पंडिता रमाबाईंनी फार पूर्वी ओळखला होता. आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथील रानात १८५८ साली जन्मलेल्या या बाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्यांचा नवा करार १९१३ साली निघाला. संपूर्ण शास्त्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली निघाले. या कामात छापखान्याची पुष्कळशी मेहनत मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. प्रचलित भाषांतरातील काही शब्दांबद्दल रमाबाईंची तक्रार अशी होती की, ते शब्द आपला जुना धार्मिक अर्थ बरोबर घेऊन येतात आणि साध्या वाचकाला मूळ अर्थापासून दूर नेतात. तोच नियम आपण संसारातल्या शब्दांनाही लावला पाहिजे. शब्द बरोबर छापलेला असला तरी वाचणाऱ्याच्या मनात तो चुकीचा उमटू शकतो.

२. शास्त्रालाही "मालक" शब्द ठाऊक आहे

इब्री भाषेतही आपल्यासारखीच रीत होती. "बाल" या शब्दाचा अर्थ मालक असा होतो आणि नवरा असाही होतो. दुसरा शब्द "ईश", म्हणजे पुरुष, पती. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात देव आपल्या बहकलेल्या लोकांना पत्नी मानून बोलतो. तो तिची समजूत घालतो, तिला पुन्हा जवळ करतो आणि सोळाव्या वचनात सांगतो की, त्या दिवशी ती त्याला "ईशी" म्हणेल; "बाली" असे यापुढे म्हणणार नाही.

येथे मुख्य मुद्दा बाल नावाच्या दैवताचा आहे, हे पुढच्या वचनावरून उघड दिसते. ते नाव तिच्या तोंडातून काढून टाकायचे आहे. तरीही शिक्षकांनी एवढे ध्यानात घ्यावे: सर्व सृष्टीवर ज्याची खरीखुरी मालकी आहे, तो प्रभू आपल्या लोकांशी लग्नाच्या भाषेत बोलताना मालकीचा शब्द बाजूला ठेवतो आणि नात्याचा शब्द मागून घेतो. मग मातीच्या माणसाने मालकीचा शब्द धरून बसावे काय?

३. "साहाय्यक"

उत्पत्ती २:१८ मध्ये देव आदामासाठी अनुरूप असा साहाय्यक करण्याचे ठरवतो. आपल्याकडे साहाय्यक म्हटले की हाताखालचा माणूस डोळ्यांपुढे येतो. कचेरीत साहेब असतो आणि त्याचा साहाय्यक असतो. त्यावरून पुष्कळजण असे धरून चालतात की, हव्वा ही आदामाच्या हाताखाली दिलेली मदतनीस होती.

मूळ इब्री शब्द "एझेर" असा आहे. जुन्या करारात तो सुमारे वीस वेळा येतो आणि त्यातील बहुतेक ठिकाणी तो खुद्द देवाविषयी आहे. स्तोत्र १२१ च्या आरंभी भक्त डोंगरांकडे पाहून आपले साहाय्य कोठून येईल असे विचारतो, तेथे हाच शब्द आहे. स्तोत्र ३३:२० आणि ११५:९-११ येथेही तोच आहे. देव इस्राएलाचा साहाय्यक आहे म्हणून तो इस्राएलाच्या हाताखाली आहे, असे आपण कधी म्हणत नाही. एझेर म्हणजे ज्याच्यावाचून निभाव लागत नाही असे बळ. त्याच्या जोडीचा "अनुरूप" हा शब्द मुळात "त्याच्या समोरचा, त्याच्या तोडीचा" अशा अर्थाचा आहे.

पुरुषाने सत्ता चालवण्याची गोष्ट प्रथम उत्पत्ती ३:१६ मध्ये येते, म्हणजे पाप जगात आल्यावर. त्याच ठिकाणी जमिनीला काटे-कुसळे उगवतील असेही सांगितले आहे. पण म्हणून कोणी शेतकरी काटे राखून ठेवीत नाही. तो खुरपणी करतो.

४. "अधीन" आणि "मस्तक"

आता इफिसकरांस पत्राकडे येऊ. वाचनाची सुरुवात बाविसाव्या वचनापासून करण्याची आपल्याला सवय आहे. ती मोडावी. एकविसाव्या वचनात पौल सर्वच विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताचे भय बाळगून एकमेकांच्या अधीन असण्यास सांगतो. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी काहींत बाविसाव्या वचनात क्रियापदच नाही. ते एकविसाव्या वचनातून घ्यावे लागते. म्हणजे पत्नीचे अधीन असणे हे सर्व मंडळीच्या परस्पर अधीन असण्याचाच एक भाग म्हणून आले आहे. ते वाक्य तोडून वाचले की अर्थही तुटतो.

दुसरी गोष्ट. सहाव्या अध्यायात मुलांना व दासांना आज्ञा मानण्यास सांगताना पौल जे क्रियापद वापरतो, ते पाचव्या अध्यायात पत्नीसाठी वापरीत नाही. तिच्यासाठी वेगळा शब्द आहे आणि त्यात आपण होऊन स्वतःला दुसऱ्याच्या जोडीला लावून घेण्याचा भाव आहे. येथे कोणी म्हणेल की, १ पेत्र ३:६ मध्ये सारेने अब्राहामाची आज्ञा मानली व त्याला धनी म्हटले असे आहे. ते खरे आहे. ते वचन आपण झाकून ठेवू नये. पण त्याच्या पुढच्याच वचनात पेत्र नवऱ्यांना बजावतो की, पत्नीला मान दिला नाही तर त्यांच्या प्रार्थनांत अडथळा येईल. आणि उत्पत्ती २१:१२ मध्ये देव त्याच अब्राहामाला सारेचे ऐकण्यास सांगतो.

तिसरी गोष्ट "मस्तक" या शब्दाची. ग्रीक शब्द "केफाले". त्याच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो की, त्यात अधिकाराचा अर्थ आहे, इफिस. १:२२ मध्ये सर्व काही ख्रिस्ताच्या पायांखाली ठेवून त्याला मस्तक केल्याचे सांगितले आहे, हा त्यांचा आधार. दुसरा पक्ष म्हणतो की, त्यात उगमाचा व पोषणाचा अर्थ आहे, इफिस. ४:१५-१६ आणि कलस्सै. २:१९ मध्ये मस्तकापासून सर्व शरीराला पुरवठा होऊन ते वाढते, हा त्यांचा आधार. प्रामाणिक विश्वासणारे दोन्हीकडे आहेत, म्हणून वर्गात एका पक्षाची थट्टा करू नये.

पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य करावीच लागते. पौलाने हा शब्द आपल्या अंदाजावर सोडलेला नाही. मस्तक म्हटल्याबरोबर तो ख्रिस्ताकडे बोट दाखवतो आणि ख्रिस्ताने काय केले ते सांगतो: तो शरीराचा तारणारा झाला, त्याने मंडळीवर प्रीती केली, तिच्यासाठी स्वतःला दिले, तो तिचे पालनपोषण करतो. नवऱ्याला केलेल्या आज्ञेत "सत्ता चालव" असे कोठेही नाही. "बायकोला अधीन ठेव" असेही नाही. अधीन असण्याचे वचन पत्नीला उद्देशून आहे. नवऱ्याने ते हातात काठीसारखे धरावे म्हणून दिलेले नाही. त्याच्यासाठी दिलेले वचन वेगळे आहे आणि ते त्याला वधस्तंभापाशी नेते.

पती-पत्नीमधील अधिकाराबद्दल पौल १ करिंथ. ७:४ मध्ये स्पष्ट बोलतो. तेथे तो पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार सांगतो आणि त्याच श्वासात, त्याच शब्दांत, पतीच्या देहावर पत्नीचा अधिकार सांगतो. त्या काळच्या रोमी जगात पहिला अर्धा भाग ऐकून कोणाला नवल वाटले नसते. दुसरा अर्धा भाग मात्र फार नवा होता.

आपल्या बोलीतही याच्या जवळ जाणारा एक चांगला शब्द आहे. नवऱ्याला कारभारी म्हणतात, तसे बायकोला कारभारीण म्हणतात. कारभारी हा मालक नसतो. घर दुसऱ्याचे असते; त्याने ते सांभाळायचे आणि हिशेब द्यायचा असतो. ख्रिस्ती घराचा मालक प्रभू आहे. त्या घरात कारभारी आणि कारभारीण आहेत.

५. मंडळीत "गप्प राहणे"

१ करिंथ. १४:३४ हे वचन पुष्कळ ठिकाणी स्त्रियांना व्यासपीठापासून दूर ठेवण्यासाठी पुढे केले जाते. पण त्याच पत्राच्या ११:५ मध्ये पौल प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रियांविषयी बोलतो. त्यांनी मस्तक आच्छादावे असे तो सांगतो. बोलू नये असे सांगत नाही. म्हणजे चौदाव्या अध्यायातील गप्प राहणे हे सर्व प्रकारच्या बोलण्याला लागू नाही. त्या अध्यायात तेच क्रियापद आणखी दोन वेळा आले आहे: अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने गप्प राहावे (वचन २८), आणि दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर पहिल्याने गप्प राहावे (वचन ३०). त्यावरून त्या पुरुषांनी जन्मभर तोंड उघडू नये असा नियम कोणी काढला नाही. सर्व प्रकरण उपासनेतील सुव्यवस्थेचे आहे.

१ तीमथ्य २:१२ हे वचन अधिक कठीण आहे. येथे अधिकार गाजवण्यासाठी जे क्रियापद आले आहे, ते सर्व नव्या करारात एकदाच येते आणि त्याच्या नेमक्या छटेविषयी एकमत नाही. काहीजण ते सर्व काळांसाठी दिलेले बंधन मानतात. काहीजण म्हणतात की, इफिसातील खोट्या शिकवणीमुळे ते घालावे लागले. शिक्षकांनी दोन्ही मते सांगावीत. मात्र अकरावे वचन वगळू नये. तेथे स्त्रीने शिकावे अशी आज्ञा आहे. ज्या मंडळीत बारावे वचन कडक पाळले जाते, तेथे अकरावे तितकेच कडक पाळले जाते का, हे विचारून पाहावे.

आणि पौलाबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्त्रिया पाहाव्यात. अपुल्लोसासारख्या वक्त्याला अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दोघांनी मार्गाची अधिक बारकाईने माहिती दिली (प्रे. कृ. १८:२६). फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत असत (प्रे. कृ. २१:९). रोम. १६:१ मधील फिबीला आपण सेविका म्हणतो. मुळात तेथे "दियाकोनॉस" आहे आणि तोच शब्द पौल १ करिंथ. ३:५ मध्ये स्वतःला व अपुल्लोसाला लावतो. स्तोत्र ६८:११ मध्ये सुवार्ता सांगणाऱ्यांचा जो मोठा समुदाय आहे, त्यासाठीचा इब्री शब्द स्त्रीलिंगी आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्या स्त्रिया दिसत नाहीत. १८८५ च्या सुधारलेल्या इंग्रजी भाषांतरात त्या दिसू लागल्या. त्या मुळात होत्याच. वाचणाऱ्यांना त्या दिसल्या नव्हत्या.

६. १८८५ सालची एक हकीकत

योगायोग असा की, त्याच साली इंग्लंडात हाच प्रश्न एका मराठी ख्रिस्ती स्त्रीविषयी उभा राहिला. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली वाँटेज येथे झाला. पुढे त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात शिकत होत्या व संस्कृत शिकवीतही होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे काय, असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली; त्यांत लाहोरचे व मुंबईचे बिशप होते. अशाने त्यांच्या देशबांधवांत त्यांचे वजन राहणार नाही, अशी त्यांना भीती वाटत होती.

रमाबाईंनी त्यावर परखड पत्रे लिहिली. स्त्रियांनी तरुणांना शिकवण्याला आपल्या वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही, याची त्यांनी आठवण करून दिली आणि आता ती घेतली जावी याचे आश्चर्य व्यक्त केले. हे खोटे नव्हते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले होते. रमाबाई ख्रिस्ती होण्यापूर्वीच भर सभांत पुरुषांपुढे बोलल्या होत्या आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना "पंडिता" ही पदवी दिली होती. ही सर्व पत्रे १९७७ साली ग्रंथरूपाने छापली गेली; ज्यांना शक्य आहे त्यांनी ती मिळवून वाचावीत.

या हकीकतीत आपल्यासाठी धडा आहे. ते बिशप दुष्ट नव्हते. रमाबाईंचे भले व्हावे असेच त्यांना वाटत होते. पण हरकतीचा पाया शास्त्रवचनापेक्षा "लोक काय म्हणतील" यावर होता. आपल्या पंच मंडळात जेव्हा एखाद्या बहिणीच्या सेवेविषयी "हे आपल्यात चालत नाही" असे म्हटले जाते, तेव्हा विचारले पाहिजे: "आपल्यात" म्हणजे कोठे? शास्त्रात, की गावात? आणि गावाचे म्हणाल, तर आपल्या शेजारच्या कल्याणात बाराव्या शतकात अक्कमहादेवीचे शब्द शरणांनी आदराने ऐकले होते.

७. आज हे का महत्त्वाचे आहे

हा केवळ शब्दांचा खल नाही. बायकोला मारहाण करणारा ख्रिस्ती नवरा "अधीन" हा शब्द पुढे करतो आणि तिला समजावणारे वडीलधारेही कधी कधी तोच शब्द तिला ऐकवतात. अशा वेळी त्या घरात पवित्र शास्त्राची साक्ष मारणाऱ्याच्या बाजूने दिली जाते. शिक्षकांनो, आपल्या वर्गातील मुलगी हे घरी पाहत असते. मग रविवारी ती आपल्यासमोर बसून वचन पाठ म्हणते.

देशाच्या कायद्यातही ख्रिस्ती पत्नीला फार काळ खालची पायरी मिळाली. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पत्नीने व्यभिचार केल्याचे सिद्ध झाले की पतीला घटस्फोट मागता येई. पत्नीला मात्र बहुतेक बाबतींत पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरतेसारखी दुसरी गोष्टही सिद्ध करावी लागे. ही विषमता २००१ साली दूर झाली. २००५ च्या कायद्याने घरातील मारहाणीपासून स्त्रीला संरक्षण दिले. मंडळ्यांनीही पावले टाकली: मेथडिस्ट मंडळीने १९५६ साली स्त्रियांना दीक्षित सेवेचे पूर्ण हक्क दिले, आणि दक्षिण भारत मंडळीत २०१३ साली पुष्पा ललिता या बिशप झाल्या. पण नियम वर बदलला तरी गावच्या मंडळीत चटई अंथरण्यापासून संडेस्कूल चालवण्यापर्यंतचे काम स्त्रीचे आणि ठराव मांडण्याचे काम पुरुषाचे, असे पुष्कळ ठिकाणी दिसते.

शेवटी एक गोष्ट बंधूंना सांगावीशी वाटते. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी दुसऱ्यांच्या शेतावर सालगडी म्हणून आयुष्ये काढली. मालक म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. इफिस. ६:५ दाखवून कोणी आपल्या आजोबांना सांगितले असते की, ही चाकरी देवाने कायमची ठरवलेली आहे, तर आपण ते मान्य केले असते का? तो शब्द ज्यांनी अंगावर सोसला, त्यांनी तरी तो आपल्या बायकोच्या माथी मारू नये. आपल्याला मस्तक म्हटले आहे. ते मस्तक काट्यांच्या मुकुटाखाली होते.

चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या घरात नवऱ्यासाठी व बायकोसाठी कोणते शब्द वापरतात? त्यांचे मूळ अर्थ काय?

२) इफिस. ५:२१-३३ मोठ्याने वाचा. पत्नीला काय सांगितले आणि पतीला काय सांगितले, याच्या दोन याद्या करा. कोणती यादी लांब आहे?

३) १ करिंथ. ११:५ आणि १४:३४ ही दोन्ही वचने खरी मानून आपल्या मंडळीची उपासना कशी चालावी?

४) मारहाण सोसणारी बहीण आपल्याकडे आली, तर तिला प्रथम कोणते वचन वाचून दाखवाल? आणि तिच्या नवऱ्याला कोणते?

५) आपल्या मंडळीत स्त्रियांना न दिलेली कामे कोणती? प्रत्येकाचे कारण शास्त्रातले आहे की रीतीतले, ते लिहून काढा.

शिक्षकांसाठी सूचना : चौथ्या प्रश्नाची चर्चा घाईने उरकू नये. वर्गात कोणी गप्प बसले असेल, तर त्या व्यक्तीला सर्वांसमोर बोलते करू नये. पाठ संपल्यावर एकांतात विचारपूस करावी, आणि गरज असेल तर पाळकांना व महिला मंडळाच्या जाणत्या बहिणीला बरोबर घेऊन त्या घरी जावे.